रुग्णाची चित्रफितीद्वारे पूर्वतयारी

शस्त्रक्रिया, दुर्बिणीची तपासणी किंवा एमआरआयपूर्वी काय होणार आहे आणि रुग्णाने स्वतः काय करायचे आहे, हे छोट्या चित्रफितीतून समजावण्याची पद्धत. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात, असे मानसशास्त्रज्ञ रॉय केसेल्स यांनी २००३ मधील लेखात नमूद केले. चित्रफीत घरी पुन्हा लावता येते, सोबत येणाऱ्या नातेवाइकालाही दाखवता येते आणि वाचता न येणाऱ्याचेही तिच्यामुळे अडत नाही.

कल्पना इंटरनेटच्या आधीची आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बार्बरा मेलामेड आणि लॉरेन्स सीगल यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेली ४ ते १२ वर्षांची ६० मुले होती. काहींना हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या मुलाची फिल्म दाखवली, बाकीच्यांना रुग्णालयाशी संबंध नसलेली. पहिल्या गटातील मुले शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही कमी घाबरलेली आढळली. फिल्ममधला मुलगा शूर नव्हता, हे महत्त्वाचे: तो आधी घाबरतो, मग सावरतो. आजच्या पुष्कळ चित्रफितींत रुग्ण पहिल्यापासून हसतमुख असतो, आणि तिथेच त्या फसतात.

पद्धतीचा खरा कस कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत, लागतो, कारण इथे निम्मे काम रुग्णाच्या हातात असते. आतडे साफ नसेल तर लहान गाठी नजरेतून सुटतात, कधी तपासणीच पुन्हा करावी लागते. जुलाबाचे औषध सहसा दोन हप्त्यांत घ्यायचे असते: अर्धे आदल्या संध्याकाळी, अर्धे तपासणीच्या चार ते सहा तास आधी. दुसऱ्या हप्त्यासाठी पहाटे उठावे लागले की ‘पोट साफ झालंय, आता कशाला’ असे वाटते. शौचाला पिवळसर पाण्यासारखे होईपर्यंत साफ झाले असे समजायचे नाही, हे कागदावरच्या वाक्यापेक्षा चित्रातून चटकन कळते. अशा चित्रफितींमुळे आतडे अधिक स्वच्छ झाल्याचे बऱ्याच अभ्यासांत दिसले, सगळ्या अभ्यासांत नाही.

एमआरआयसाठी यंत्राचा ठकठक आवाज आधी ऐकवणे उपयोगी पडते. नुसत्या पायऱ्या सांगण्यापेक्षा काय जाणवेल हे सांगितलेले अधिक कामी येते.

चित्रफीत पाहिली म्हणजे रुग्णाने उपचाराला संमती दिली असे नव्हे. रुग्णाचे मधुमेहाचे किंवा रक्त पातळ करणारे औषध कधी थांबवायचे, हे सर्वांसाठी केलेल्या फितीत सांगता येत नाही. ते त्याच्या डॉक्टरांनाच विचारावे लागते.