इतिहासातला सर्वांत मोठा पूर? कुठल्या इतिहासातला?

गोदावरीला पूर आला की नाशिककर क्युसेकचा आकडा नंतर विचारतात. आधी विचारतात, "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे नाशिकचं पूरमापक. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला, असं ते वर सरकतं आणि त्यावरून दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतात. नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी गेलं, तर मग विचारायलाच नको.

हे मोजमाप मला मनापासून आवडतं, कारण ते खरं आहे. त्याच संध्याकाळी टीव्हीवर जे चालतं ते मात्र सहन होत नाही. पडेल तो पाऊस 'ढगफुटी' असतो. वास्तविक वीस-तीस चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात तासाभरात 100 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला, तरच हवामानशास्त्रज्ञ तो शब्द वापरतात. आणि येईल तो पूर 'इतिहासातला सर्वांत मोठा' असतो. कुठल्या इतिहासातला? आपल्या बहुतेक नद्यांवर रोजच्या रोज पाणी मोजायला सुरुवात झाली ती स्वातंत्र्याच्या आगेमागे. म्हणजे हा 'इतिहास' फार तर आपल्या आजोबांच्या वयाचा.

एवढ्या तुटपुंज्या नोंदींवर आपण 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' काढतो. त्या शब्दांनीही मोठा घोळ घातला आहे. एकदा येऊन गेला, आता नव्याण्णव वर्षं काळजी नाही, असा त्याचा अर्थ लोक लावतात. खरा अर्थ इतकाच, की तेवढा किंवा त्याहून मोठा पूर कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता 1 टक्का आहे. गेल्या वर्षी आला असला तरी यंदाही 1 टक्काच. नदीकाठच्या फ्लॅटचं कर्ज तीस वर्षांचं असेल, तर हप्ते फिटायच्या आत असा पूर पाहण्याची शक्यता जवळपास 26 टक्के होते. हा हिशेब बारावीच्या गणितात बसतो. अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. पन्नास-साठ वर्षांच्या नोंदींवरून शंभर वर्षांचा पूर किती मोठा, हे ठरवायचं कसं? पाचशे वर्षांचा तर दूरच राहिला.

तिथे गाळ कामाला येतो.

पुण्यात विद्यापीठाच्या भूगोल विभागात विश्वास काळे नावाच्या भूरूपशास्त्रज्ञाने आपली बहुतेक कारकीर्द दख्खन आणि मध्य भारतातल्या नद्यांचे पूर आणि त्यांचा गाळ वाचण्यात घालवली. डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू यांच्याबरोबर त्यांनी 1987 साली 'नेचर'मध्ये वायव्य दख्खनच्या नद्यांच्या जुन्या गाळावर लेख लिहिला होता. हिमयुगाच्या अखेरीस मान्सून दुबळा होता तेव्हा या नद्या गाळाने भरत गेल्या, आणि पुढे मान्सून जोरात आल्यावर त्यांनी तोच गाळ कापून काढला, असं ते चित्र होतं. जास्त पाऊस म्हणजे जास्त गाळ साचणार, असं आपण धरून चालतो. इथे उलट घडलं. पात्र भरतं की खोल होतं, हे पाणी आणि गाळ यांच्या परस्पर प्रमाणावर ठरतं. 'नदी उपसा, पूर थांबेल' म्हणणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

नंतर व्हिक्टर बेकर, लिसा ईली, येहूदा एन्झेल हे परदेशी संशोधक आणि डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा यांच्यासोबत काळे नर्मदा आणि तापीच्या घळींमध्ये उतरले. या दोनच नद्या का? त्यांचे पूर अचाट असतात म्हणून. 1970 च्या सप्टेंबरमध्ये गुजरातमधल्या गरुडेश्वरला नर्मदेचा पूर सेकंदाला 69,400 घनमीटर मोजला गेला, म्हणजे जवळजवळ साडेचोवीस लाख क्युसेक. 1968 च्या ऑगस्टमध्ये तापीला सुमारे 42 हजार घनमीटरचा पूर येऊन गेला. खोऱ्याचा आकार पाहिला तर हे आकडे पटत नाहीत. नर्मदेचं खोरं गोदावरीच्या खोऱ्याच्या जेमतेम एक तृतीयांश आहे.

कारण दिशेत आहे. बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे पावसाळ्यात साधारण पश्चिम-वायव्येकडे सरकतात. नर्मदा आणि तापीही पश्चिमेलाच वाहतात. म्हणजे पाऊस आधी उगमाकडे पडतो, पुराची लाट खाली निघते आणि पावसाचा पट्टा तिच्याबरोबर खाली सरकत राहतो. वाटेतल्या उपनद्यांचं ताजं पाणी नेमकं त्या लाटेत पडत जातं. पूर्ववाहिनी नद्यांवर तोच पट्टा प्रवाहाच्या उलट जातो, त्यामुळे वेगवेगळ्या भागांचं पाणी खाली एकाच वेळी पोचण्याचा धोका तुलनेने कमी असतो.

असा पूर घळीत शिरतो तेव्हा काय होतं ते नीट पाहू, कारण सगळी गंमत तिथे आहे.

सपाट मैदानात पाणी वाढलं की पसरतं. दुप्पट पाणी आलं तरी पातळी थोडीच चढते. घळीला दोन्ही बाजूंना खडकाच्या भिंती. पसरायला जागा नाही, म्हणून पाणी वर चढतं, वीस-वीस, पंचवीस-पंचवीस मीटर. मधल्या धारेत वेग सेकंदाला पाच-सहा मीटर, त्यात मोठाले धोंडेही टिकत नाहीत. पण काठाला एखादी कपार असते, गुहा असते, किंवा एखादा ओढा येऊन मिळत असतो. नदीची पातळी वाढली की ओढ्याच्या तोंडात फुगवटा तयार होतो आणि नदीचं पाणी ओढ्यात उलटं शिरतं. आत गेल्यावर ते थबकतं. आणि थबकलेलं पाणी आपल्या अंगावरचं ओझं खाली टाकतं.

किती वेगाने? कणाचा व्यास निम्मा झाला, की त्याचा बसण्याचा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. हा स्टोक्सचा नियम, बारीक कणांना लागू पडणारा. 0.1 मिलिमीटरची बारीक रेती स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला दोन मिनिटं पुरतात. 0.01 मिलिमीटरच्या पोयट्याला तीन तास लागतात. 0.001 मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला तेरा दिवस! पुराचा माथा काही तासांचा असतो. तेवढ्यात रेती आणि पोयटा कपारीत बसून जातात, चिकणमाती बहुतांशी खंबातच्या आखाताकडे निघून जाते. पूर ओसरतो आणि मागे फिकट, बारीक, हाताला मऊ लागणारा एक थर उरतो. पाणी कुठपर्यंत चढलं होतं याची ती खूण. मुख्य प्रवाह तिला धक्का लावू शकत नाही आणि कपारीच्या छतामुळे पाऊसही तिला धुऊन नेत नाही.

पुढचा मोठा पूर तिच्यावर दुसरा थर टाकतो. मग तिसरा. अशी चळत उभी कापून स्वच्छ केली, की दोन पुरांमधला काळही दिसू लागतो. थराच्या माथ्यावर पालापाचोळा कुजलेला असतो, वाळवीची बिळं असतात, वाळताना पडलेल्या भेगा असतात, डोंगरउतारावरून घसरलेले टोकदार खडे असतात. दोन थरांमध्ये असं काही सापडलं म्हणजे ते दोन वेगळे पूर. काहीच नसेल तर कदाचित एकाच पुराचे दोन हेलकावे. ओढ्याच्या तोंडाशी आणखी एक पुरावा मिळतो. तिथल्या रेतीतल्या तरंगखुणांचा कल ओढ्याच्या उगमाकडे असतो. ओढा उगमाकडे वाहू शकत नाही, तेव्हा ही रेती नदीनेच आत ढकलली. ओढा बेसॉल्टमधून येत असेल, तर त्याची स्वतःची वाळू काळपट आणि नदीने आणलेली क्वार्ट्झची फिकट, असा रंगाचाही फरक पडतो.

थराचं वय ठरवायला त्यात अडकलेला कोळसा किंवा काडी घेऊन कार्बन-14 मोजतात. ते नसेल तर रेतीच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला होता, हे प्रकाशदीप्तीच्या पद्धतीने काढतात. त्यासाठी नमुना अंधारात, नळीत ठोकून घ्यावा लागतो.

वय झालं. आता पूर किती मोठा होता ते काढायचं. घळीचा छेद मोजायचा, उतार मोजायचा आणि थराच्या माथ्यापर्यंत पाणी आहे असं धरून मॅनिंगच्या सूत्रात घालायचं. या सूत्रात वेग हा पाण्याच्या सरासरी खोलीच्या दोन-तृतीयांश घाताच्या आणि उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, आणि त्याला पात्राच्या खडबडीतपणाच्या गुणांकाने भागायचं असतं. समजा घळ 300 मीटर रुंद, पाणी 25 मीटर खोल, उतार हजारात अर्धा मीटर आणि खडबडीतपणा 0.035. वेग येतो सेकंदाला 4.9 मीटर, आणि त्याला रुंदी-खोलीने गुणलं की पूर सेकंदाला सुमारे 37 हजार घनमीटर. खोलीत एक मीटरची चूक झाली, तर उत्तर सहा-सात टक्क्यांनी हलतं. खडबडीतपणा मात्र 0.03 धरला की 43 हजार, 0.04 धरला की 32 हजार. म्हणजे खरी मारामारी त्या एका गुणांकावर. म्हणून प्रत्यक्षात एकाच छेदावर न थांबता घळीतले अनेक छेद घेतात, खालून वर पायरीपायरीने पाण्याची पातळी जुळवत जातात आणि अलीकडच्या मोजलेल्या पुरावर सूत्र आधी तपासून घेतात. घळीचा खडक हजार-दोन हजार वर्षांत फारसा झिजत नाही, या भरवशावर हे सगळं उभं आहे. गाळाच्या पात्रात हा भरवसा नसतो.

या नोंदीत एक खोच आहे आणि ती मला सर्वांत जास्त आवडते. थरावर थर चढला की कपारीचा तळ उंचावतो. मग पुढचा पूर त्या नव्या उंचीच्या वर गेला तरच त्याची नोंद होणार. पास व्हायला लागणारे गुण प्रत्येक परीक्षेनंतर वाढत जावेत, तसं हे आहे. त्यामुळे वरच्या भागात थर कमी दिसले, तर 'पूर कमी झाले' असा निष्कर्ष घाईने काढता येत नाही. शिवाय थराचा माथा म्हणजे पाण्याची किमान पातळी. पाणी त्याच्याही वर होतं, किती वर ते गाळ सांगत नाही. पण उलटा फायदाही आहे. वरची एखादी कपार हजार वर्षं कोरडी, गाळाशिवाय राहिली असेल, तर हजार वर्षांत पाणी तिच्यापर्यंत गेलं नाही हे कळतं. पन्नास वर्षांच्या सरकारी नोंदवहीतून ही माहिती कधीच मिळणार नव्हती.

या कामातून दिसलं ते असं, की मोठे पूर ठरावीक अंतराने येत नाहीत. ते झुंडीने येतात. काही शतकं पुरांनी गजबजलेली, काही बरीच शांत, आणि याचा संबंध मान्सूनच्या दीर्घ चढउतारांशी आहे. दरवर्षी तीच नाणी उडवायची, हे शंभर वर्षांच्या पुराच्या गणितातलं गृहीतक इथे डळमळतं. शांत काळातल्या नोंदी घेऊन धरणाचा सांडवा आखला तर तो अपुरा पडू शकतो.

पाऊसपाण्याचा असा मागोवा घेणाऱ्या विज्ञानाच्या शेजारीच आपल्याकडे नक्षत्रांची वाहनंही जोरात चालतात. यंदा आर्द्रेचं वाहन मोर, मृगाचं गाढव, म्हणून पाऊस असा असा. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं आणि बाकी उरेल तो प्राणी. त्यात ना वारा, ना समुद्र, ना दाब. बेडूक आला तर गगनबावड्यालाही बेडूक आणि आटपाडीलाही बेडूक! वर्तमानपत्रं मात्र हे दर जूनमध्ये बातमी म्हणून छापतात.

महाराष्ट्रात नदीकाठाच्या नकाशांवर दोन रेषा असतात. निळी साधारण पंचवीस वर्षांच्या पुराची, लाल शंभर वर्षांच्या. बांधकामाची परवानगी, जमिनीचा भाव, बिल्डरांची धावपळ सगळं त्या दोन रेषांभोवती फिरतं. आणि या रेषा मोजलेल्या नोंदींवरून काढलेल्या असतात. जिथे घळी आहेत तिथे हा गाळ वाचून लाल रेष तपासता येईल. पण घळींच्या जागा धरणांनाही आवडतात. नर्मदेवरच्या पुनासाच्या घळीजवळ आज इंदिरासागर धरण उभं आहे, आणि जलाशयाच्या पाण्याखाली गेलेले थर पुन्हा वाचता येत नाहीत.

सांगलीचा प्रश्न वेगळा. 2019 साली आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45 असताना. तिथे कृष्णा सपाट मळईतून वळणं घेत जाते, पूर मैलोगणती पसरतो आणि जो पातळ थर मागे ठेवतो तो पुढच्या नांगरटीत मातीत मिसळून जातो. नरसोबाच्या वाडीच्या देवळात तर जवळपास दर पावसाळ्यात पाणी शिरतं, तेव्हा त्या खुणेवरून मोठा पूर वेगळा ओळखता येत नाही. अशा ठिकाणी जुनी मोडी दफ्तरं धुंडाळणं हा एक रस्ता उरतो. पाणी अमुक घाटाच्या अमुक पायरीला लागलं, अशी एखादी ओळ सापडली आणि ती पायरी अजून जागेवर असली, तर लेव्हल लावून तिची उंची काढायला अर्धा दिवस पुरतो.