ठाण्यातल्या दिवाणखान्यात ३०० लिटर समुद्र

दोन फुटी टाकीत क्लाउनफिशची जोडी आणि चार मऊ प्रवाळ वर्ष-दीड वर्ष सुखाने राहिले की चार फुटी टाकीचे वेध लागतात. विचार चांगलाच आहे. पाणी जितकं जास्त, तितके त्यातले बदल संथ. ९० लिटरमध्ये एक गोगलगाय दगडाआड मेली तरी दुसऱ्या दिवशी सगळे मासे धापा टाकू शकतात. ३०० लिटरमध्ये तीच गोष्ट कदाचित लक्षातही येणार नाही. पण मोठ्या टाकीबरोबर वजन आणि उष्णता यांची नवी गणितं घरात येतात. ती मासे आणण्याआधी सुटलेली बरी.

आधी वजन. १२० × ५० × ५० सेंटीमीटरच्या टाकीत ३०० लिटर पाणी मावतं, म्हणजे ३०७ किलो, कारण समुद्राचं पाणी लिटरला सुमारे १,०२५ ग्रॅम भरतं. १२ मिलिमीटर काचेचे ७० किलो, दगड आणि वाळूचे ५०, शिवाय स्टँड आणि खालची १०० लिटरची सम्प टाकी, जिच्यात वरचं पाणी उतरतं आणि पंपाने परत वर जातं. (या सम्पाचा कामगारांशी संबंध नाही, हा कधी बंद पडून चालत नाही.) साडेपाचशे किलो जेमतेम ०.६ चौरस मीटरवर बसतात. राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात, पण तो खोलीभर पसरलेला. म्हणून टाकी तुळईवरच्या भिंतीला लांबीने चिकटवून ठेवायची. बाल्कनी, ड्राय बाल्कनी आणि फ्लॉवर बेड यांचं नावही काढू नये. नौपाड्यातली किंवा वाशीतली जुनी इमारत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला एकदा दाखवून घ्यावं.

आता उष्णता. परदेशी पुस्तकं हीटर कोणता घ्यावा यावर पानंच्या पानं लिहितात; आपल्याकडे तो बहुतेक खोक्यातच राहतो. प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर साखर बनवतं आणि मोठा वाटा यजमानाला देतं. पाणी तापलं की याच शैवालातून घातक ऑक्सिजन-संयुगं निघू लागतात, प्रवाळ त्याला बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. २५-२६ अंश हे लक्ष्य ठेवावं. ३० अंशांवर काही दिवस गेले की धोका सुरू. मे महिन्यात बंद फ्लॅटमध्ये हवाच ३३ अंश असते.

पंख्याने भागेल का? पाण्यावर वारा सोडला की बाष्पीभवन होतं आणि एक लिटर पाणी उडताना सुमारे २,४३० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. ३५० लिटरची यंत्रणा (दगडांची जागा वजा जाता टाकी आणि सम्प मिळून एवढंच पाणी धरा) त्याने १.७ अंशांनी थंड व्हावी. पुण्यात हे जमतं. ठाण्यात हवा ३३ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २७.५ अंशांच्या खाली जात नाही, आणि पंखा कितीही जोरात लावला तरी पाणीही त्याखाली जाणार नाही. प्रत्यक्षात ते वरच अडकतं, कारण पंप आणि दिवे उष्णता ओततच असतात. पाण्यातले पंप मिळून १०० वॉट खात असतील, तर ती सगळी वीज शेवटी उष्णता होते आणि ३५० लिटर पाणी तासाला पाव अंशाने तापवते. म्हणून कमी वीज खाणारे डीसी पंप घ्यावेत आणि या आकाराला पाव हॉर्सपॉवरचा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, धरावा. नेहमी होणारी चूक म्हणजे चिलर स्टँडच्या बंद कपाटात कोंबणं. त्याने बाहेर टाकलेली गरम हवा तो पुन्हा आत ओढतो, दिवसभर चालू राहतो आणि पाणी २९ च्या खाली येत नाही. त्याची मागची बाजू खिडकीकडे हवी.

पाणी कोणतं? ऐरोलीच्या पुलाखालून रोज भरतीचं खारं पाणी जातं, ते फुकटचं वाटतं. पण पावसाळ्यात त्याची क्षारता कोसळते आणि एरवीही त्यात सांडपाण्याची पोषकद्रव्यं भरपूर असतात. त्यावर शैवाल माजतं आणि ते खायला फ्लेमिंगो येतात. फ्लेमिंगोंना जे मानवतं ते प्रवाळाला मारतं. प्रवाळाच्या टाकीत फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम (दहा लाखांत एवढे भाग) एवढंच चालतं. ठाण्यात नळाला येणारं किंवा नवी मुंबईत मोरबे धरणातून येणारं पाणी पिण्याला उत्तम, पण त्यात क्लोरीन आणि सिलिकेट असतं. स्वयंपाकघरातला आरओही जसाच्या तसा उपयोगाचा नाही. चवीसाठी त्यात थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं, म्हणून त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ५०-१०० दिसतो. आरओनंतर उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिनचं काडतूस जोडावं आणि मीटरवर शून्य आल्यावरच पाणी साठवावं. आरओ लिटरमागे दोन-तीन लिटर फेकतो; ते लादी पुसायला ठेवावं.

समुद्री मीठ लिटरला साधारण ३७ ग्रॅम, म्हणजे ३५० लिटरला १३ किलो. ड्रममध्ये आधी पाणी, मग मीठ, हाच क्रम. मिठावर पाणी ओतलं तर तळाशी क्षणभर इतकं दाट द्रावण होतं की कॅल्शियम आणि कार्बोनेट चुन्यासारखे खाली बसतात आणि परत विरघळत नाहीत. पंप लावून २४ तास फिरवावं, मग क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ पाहावं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. त्यामुळे रोजची भर गोड्या आरओ-डीआय पाण्याचीच. गणपतीला चार दिवस कोकणात गेलात आणि रोज पाच लिटर उडालं, तर क्षारता ३५ वरून ३७ वर जाते. आपोआप भर घालणारा फ्लोट-सेन्सर ही चैन नाही.

मासे सोडण्याआधी एक चाचणी चुकवू नये. सगळं चालू करा आणि मेन स्विच बंद करा. पंप थांबला की वरच्या टाकीतलं पाणी परतीच्या नळीतून उलटं सम्पात ओघळतं आणि नळीचं तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. सम्पात तेवढी जागा नसेल तर ते पाणी लादीवर, आणि मग खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छतावर. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नये. त्यात चुना आणि शेवाळ साचतं. परतीचं तोंड पृष्ठभागाच्या दोन सेंटीमीटर खालीच ठेवा. वायरींना प्लगच्या आधी खाली झोल द्या, म्हणजे थेंब तिथूनच टपकेल. टाकीच्या जोडणीवर ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

स्थलांतराच्या दिवशी जुन्या पाण्याची फार माया केली जाते. त्यात अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्रेट करणारे जिवाणू असतात, असा समज आहे. ते पाण्यात फारच थोडे असतात. त्यांची वस्ती दगडांच्या छिद्रांत असते. म्हणून दगड जुन्या टाकीच्या पाण्यात बुडलेलेच बादलीतून न्यावेत. हवेत तासभर सुकले तर तीच वस्ती मरून अमोनिया तयार होतो. वाळू मात्र टाकून द्या. दीड वर्षाची घाण तिच्या खालच्या थरात साठलेली असते. ढवळली की अमोनिया आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. नवी अरॅगोनाइट वाळू धुऊन दोन-तीन सेंटीमीटर पसरवा. पुढचे दहा दिवस रोज अमोनिया तपासायचा. दगड जास्त हवेत म्हणून कोरडे नवे घातले, तर त्यांत जिवाणू मुरायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर नवा मासा नाही.

दगड हलवताना हातमोजे आणि चष्मा घाला. झोअँथिड या बटणांसारख्या मऊ प्रवाळांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिजहाल विष असतं. त्यांचा दगड ब्रशने घासणं वाईट, उकळणं त्याहून वाईट, कारण वाफेबरोबर ते फुप्फुसात जातं.

नवे दिवे पहिल्या आठवड्यात ३५-४० टक्क्यांवर ठेवून महिनाभरात चढवा. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १,३०० च्या आसपास. आकडे आदर्श असण्यापेक्षा स्थिर असणं महत्त्वाचं. एसीसाठी खिडक्या बंद ठेवल्या की खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच ८.२ वरून ७.८ वर येतो. तो वर आणायला रसायन न ओतता खिडकी उघडावी.

काय भरायचं हे थोडं कायद्यावर अवलंबून आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली भारतातल्या कठीण, भित्तिका बांधणाऱ्या प्रवाळांना आणि समुद्रपंख्यांना संरक्षण आहे. समुद्रघोडेही संरक्षित यादीत आहेत. समुद्रातून खणलेला ‘जिवंत’ (जिवाणू आणि सूक्ष्मजीव वसलेला) दगडही घेऊ नये, कृत्रिम दगड चांगला काम करतो. मशरूम, लेदर, झोअँथिड हे मऊ प्रवाळ आयातीच्या कागदांसह मागावेत. क्लाउनफिश मात्र टाकीत पैदास झालेलेच घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचं तंत्र विकसित केलं आहे, आणि असे मासे समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा कोरडं खाणं लवकर घेतात.

क्रमाने भरा: आधी शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणि सफाई करणारी कोळंबी, दोन आठवड्यांनी गोबी किंवा फायरफिश (हा उडी मारतो, जाळीचं झाकण हवं), आणि भांडखोर डॅमसेल किंवा डॉटीबॅक हवाच असेल तर अगदी शेवटी. निळा रीगल टँग चिमुकला दिसतो, पण फूटभर वाढतो. चार फुटीत नकोच. मँडरिन मासा दगडावरचे कोपेपॉड हे सूक्ष्म जीव टिपून जगतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. दुकानदार ‘खातो की’ म्हणाला तर समोर खाऊ घालून दाखवायला सांगा.

लांबून आलेली पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी घालत बसू नका. प्रवासात माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो, आणि त्या पीएचला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच वायू निसटतो, पीएच चढतो आणि विषारी अमोनियाचा वाटा वाढत जातो. बंद पिशवी २० मिनिटं तरंगवा. आधी दुकानातली क्षारता विचारून क्वारंटाइन टाकी (नवे मासे काही दिवस वेगळे ठेवायची) तीवर आणून ठेवा आणि मासा जाळीने थेट तिथे सोडा. कोळंबी आणि गोगलगायी शेजारच्या दुकानातून आल्या असतील, तर त्यांना मात्र तासभर ठिबक द्या. त्या क्षारतेच्या झटक्याला फार नाजूक.

क्वारंटाइनला ५० लिटरची साधी टाकी पुरे, चार आठवडे. पांढऱ्या ठिपक्यांचा क्रिप्टोकॅरिऑन परजीवी मुख्य टाकीत शिरला तर तिथे तांब्याचं औषध घालता येत नाही, ते प्रवाळ आणि गोगलगायींना मारतं. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी ७६ दिवस माशांविना ठेवावी लागते, आणि माशांवर उपचार त्याच ५० लिटरच्या टाकीत.