समस्या माणसापासून वेगळी काढताना

समुपदेशकासमोर येऊन बसणाऱ्या व्यक्तीने स्वतःविषयीचा निकाल बहुतेक वेळा आधीच लावलेला असतो. ‘मी मुळातच भित्रा आहे’, ‘माझ्यात काही दम नाही’, ‘आमचा मुलगा हट्टीच आहे’ अशा एका वाक्यात तिने आपले किंवा आपल्या माणसाचे सगळे आयुष्य बसवलेले असते, आणि त्या वाक्याशी न जुळणारे प्रसंग तिच्या लेखी घडूनही न घडल्यासारखे असतात. या वगळलेल्या प्रसंगांपर्यंत पोहोचण्याची एक शिस्तबद्ध पद्धत म्हणजे नॅरेटिव्ह थेरपी, म्हणजेच माणूस स्वतःविषयी सांगत असलेल्या गोष्टीवर काम करणारा उपचार. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडचे मायकल व्हाइट (१९४८–२००८) आणि न्यूझीलंडमध्ये काम करणारे डेव्हिड एपस्टन यांनी १९८०च्या दशकात ती विकसित केली. माणूस आणि समस्या या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून बोलायचे, हा तिचा पाया आहे.

व्हाइट यांनी नोंदवलेले एक उदाहरण या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. सहा वर्षांच्या एका मुलाचे शौचावर नियंत्रण नव्हते. रोजच कपडे खराब होत आणि ती घाण तो भिंतींना फासत असे. वैद्यकशास्त्रात याला एन्कोप्रेसिस म्हणतात. (बऱ्याच मुलांमध्ये त्याच्या मुळाशी जुनी बद्धकोष्ठता असते, त्यामुळे बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी आधी व्हायलाच हवी.) आपण आई व्हायच्याच लायकीच्या नाही, असे आईला वाटू लागले होते, वडिलांनी लाजेपोटी मित्र आणि नातेवाईक यांच्याकडे जाणे-येणे कमी केले होते. बोलण्यातून या त्रासाला ‘चोरटी शी’ या अर्थाचे नाव पडले, आणि मग ही चोरटी शी घरातल्या कोणाकडून काय काय करवून घेते, हे व्हाइट यांनी एकेकाला विचारले. त्यानंतर त्यांनी प्रश्नाची दिशा बदलली: तिचे म्हणणे कोणी कधी धुडकावून लावले आहे का? मुलाला तसे काही प्रसंग आठवले. एकदा अगदी हताश होण्याची वेळ आलेली असताना स्वतःला दोष देत न बसता आपण गाणी लावली होती, हे आईला आठवले. वडिलांना एकही प्रसंग आठवला नाही, पण इतके दिवस लपवलेली ही गोष्ट एखाद्या सहकाऱ्याला सांगून बघायला ते तयार झाले. दोन आठवड्यांनी हे कुटुंब परत आले, तेव्हा मधल्या काळात एकदाच किरकोळ प्रकार घडला होता.

या पद्धतीची ओळख करून देताना बरेच जण समस्येला नाव देण्यापाशीच थांबतात. माझ्या मते तो त्यातला सोपा भाग आहे आणि पुढची प्रश्नांची साखळी नसेल, तर त्याचा पोरखेळ होतो. समजा, नोकरी गेल्यापासून घराबाहेर न पडणारा एक तरुण स्वतःला ‘बिनकामाचा’ म्हणतो आहे. समुपदेशक त्याची समजूत घालत नाही. ‘बिनकामाचा’ हा शेरा दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त जोर धरतो, तो मित्रांचे फोन घेऊ देतो का, आईशी बोलताना मध्ये येतो का, असे तो बारकाईने विचारतो. हे जे चालले आहे ते तुम्हाला पटते का, आणि पटत नसेल तर का नाही, हा पुढचा प्रश्न असतो. त्यातल्या ‘का’ला विशेष महत्त्व आहे, कारण उत्तर देताना त्या तरुणाला आपल्याला काय मोलाचे वाटते ते शब्दांत मांडावे लागते. मग एखादा अपवाद सापडतो: मागच्या आठवड्यात त्याने शेजारच्या मुलीला गणित समजावून दिले होते. ते कसे जमले, त्याआधी मनात काय आले, असे वागणे पूर्वी कधी दिसले होते आणि ते कोणाच्या लक्षात आले होते, असे विचारत समुपदेशक एकदा घडलेल्या कृतीबद्दल आणि एकदा तिच्यामागच्या हेतूबद्दल बोलते करतो. कृती आणि जाणीव असे कथेचे दोन पदर मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी मांडले होते. व्हाइट यांनी ते तिथूनच घेतले.

सकारात्मक विचार करायला सांगणे आणि हे काम यांत मोठा फरक आहे. नवी गोष्ट समुपदेशकाने रचून द्यायची नसते. तिचा प्रत्येक पुरावा त्या माणसाच्याच आयुष्यातून यावा लागतो. म्हणूनच एपस्टन सत्रानंतर पत्र लिहीत आणि त्यात त्या व्यक्तीचेच शब्द जपून ठेवत. काही वेळा एक-दोन बाहेरच्या व्यक्तींना साक्षीदार म्हणून बोलावतात. त्यांनी शाबासकी किंवा सल्ला द्यायचा नसतो. ऐकताना कोणते शब्द मनाला भिडले, त्यातून कोणते चित्र उभे राहिले, स्वतःच्या आयुष्यातले काय आठवले आणि या ऐकण्याने त्यांना कुठे नेले, एवढेच बोलायचे असते. सल्ला देण्याची आपली हौस पाहता हे साक्षीदारपण आपल्याकडे शिकवूनच घ्यावे लागेल!

परिणामांविषयीचे संशोधन संज्ञानात्मक वर्तनोपचाराच्या (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या ‘सीबीटी’च्या) तुलनेत तुटपुंजे आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात तीव्र नैराश्य असलेल्या ४७ प्रौढांना आठ सत्रे देण्यात आली. त्यांपैकी ५३ टक्के व्यक्तींमध्ये वैद्यकीयदृष्ट्या लक्षणीय सुधारणा दिसली, आणि लक्षणांतील उतार तीन महिन्यांनंतरही टिकून होता; परस्परसंबंधांतील सुधारणा मात्र टिकली नाही. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे सुधारणेचे सगळे श्रेय उपचाराला देता येत नाही. युद्धग्रस्त आणि निर्वासितांसाठी जर्मनीत विकसित झालेली नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी ही वेगळी पद्धत आहे. तिचे निष्कर्ष हिच्या खात्यावर मांडू नयेत.

मुंबईतील ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र विकासात्मक अडचणी असलेली मुले आणि त्यांचे पालक यांच्यासोबत काम करते आणि या पद्धतीवर आधारित प्रशिक्षणही देते. अशा कामात ‘हा ऑटिस्टिक मुलगा’ या ओळखीपलीकडे त्या मुलाला काय आवडते, काय जमते, हे विचारण्याला अर्थ असतो. घरात मारहाण करणाऱ्या पुरुषाच्या बाबतीत मात्र ‘रागाने माझ्याकडून हे करवले’ अशी पळवाट तयार होण्याचा धोका आहे. तिथे समुपदेशकाने हिंसेला वेगळे पात्र करू नये. बायकोवर आपला हक्कच आहे, हा समज कुठून आला आणि तो कोण कोण पोसते, हे विचारावे, आणि मारण्याची जबाबदारी मारणाऱ्याकडेच ठेवावी.