मल्टिपल स्क्लेरोसिस आणि सामाजिक कलंक : गोवा

मल्टिपल स्क्लेरोसिस (एम.एस.) हा मज्जासंस्थेचा दीर्घकाळ चालणारा आजार झालेल्या व्यक्तीच्या वाट्याला येणारा अविश्वास, टाळाटाळ, कीव आणि डावलणूक, तसेच अशा वागणुकीच्या धास्तीने तिने स्वतःवर घालून घेतलेली बंधने, या सर्वांचा समावेश या आजाराशी निगडित सामाजिक कलंकात होतो. गोव्यात तो संसर्गाच्या भीतीतून सहसा निर्माण होत नाही. आजार दिसत नाही तोवर तो खरा मानला जात नाही आणि दिसू लागला की माणूसच मोडीत काढला जातो, हे त्याचे येथील मुख्य स्वरूप आहे.

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतील तंतूंवर असलेल्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते, त्यामुळे संदेशवहन मंदावते किंवा तुटते. फ्रेंच वैद्य झां-मार्तें शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचे स्वतंत्र रोग म्हणून वर्णन केले. बहुतेकांना तो २० ते ४० या वयात जडतो, स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळते आणि सुमारे ८५ टक्के रुग्णांत आरंभी झटका (लक्षणे अचानक उफाळणे) आणि उतार असे त्याचे चक्र चालते. तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. आईला किंवा वडिलांना असला तरी अपत्याला होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन इतकीच असते. युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या मानाने भारतात तो बराच विरळ आहे. या विरळपणामुळे ओळखीपाळखीत दुसरा रुग्ण सापडत नाही आणि शेजारीपाजारी त्याला लकवा, मणक्याचा त्रास किंवा नुसताच अशक्तपणा समजून मोकळे होतात.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये कलंकाचे विवेचन करताना ज्यांचे वैगुण्य उघड असते असे लोक आणि ज्यांचे झाकलेले असले तरी कधीही उघडे पडू शकते असे लोक, असे दोन वर्ग केले. पहिल्यांना लोकांच्या नजरा सांभाळाव्या लागतात, दुसऱ्यांना स्वतःविषयीची माहिती कोणाला कळते ते. एम.एस.ची व्यक्ती एकाच आयुष्यात, कधी एकाच महिन्यात, या दोन्ही वर्गांत जाऊन येते. गोव्याला कलंकाचा एक वेगळा, अधिक उग्र प्रकार चांगला परिचित आहे: १९८९ मध्ये दोमिनिक डिसोझा या एचआयव्हीबाधित तरुणाला गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे म्हापशात ६४ दिवस अलग कोंडून ठेवण्यात आले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे लढायला समोर निदान एक आदेश होता. एम.एस.च्या रुग्णाला कोणी कोंडून ठेवत नाही. त्याचे म्हणणे फक्त ऐकून सोडून दिले जाते, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची जागा सापडणे कठीण असते.

अविश्वासाचे मूळ लक्षणांच्या स्वरूपात आहे. कमालीचा थकवा, बधिरपणा, हातापायांत मुंग्या, अंधुक दिसणे, शब्द न आठवणे, लघवीची अनावर घाई यांपैकी काहीही बाहेरून दिसत नाही. त्यात उष्णतेची भर पडते. शरीराचे तापमान किंचित वाढले तरी लक्षणे तात्पुरती बळावतात. या परिणामाला जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांचे नाव असून त्यांनी ते १८९० मध्ये नोंदवले होते. गोव्याच्या एप्रिल-मे महिन्यांतील दमट उकाड्यात सकाळी नीट चालणारी बाई दुपारी उठू शकत नाही आणि संध्याकाळी वारा सुटल्यावर पुन्हा कामाला लागते. बघणाऱ्यांना हा कामचुकारपणा वाटतो. ‘कालच तर बाजारात भेटली होती, आज कामाच्या वेळी बरी आजारी पडली,’ हे वाक्य निरनिराळ्या रूपांत बहुतेक रुग्णांनी ऐकलेले असते. चवथीला (गणेशचतुर्थीला) हा ताण शिगेला पोचतो. मूळ घरी सगळे भाऊबंद जमलेले, माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास) बांधायची, नेवऱ्या तळायच्या, पंक्तीमागून पंक्ती उठवायच्या. अशा स्वयंपाकघरात चुलीच्या धगीसमोर तासन्‌तास उभे न राहू शकणारी सून नाटकी ठरते आणि तिची जाऊ, जिच्यावर तिच्या वाट्याचे काम पडते, तिला दोष देणेही सोपे नाही. जत्रा, लग्न किंवा कदंब बसचा लांबचा प्रवास अनेकजणी टाळतात. त्याचे खरे कारण शौचालयाची सोय नसणे हे असते, पण ते चारचौघांत सांगता येत नसल्यामुळे माणूसघाणेपणाचा शिक्का बसतो. पुरुषांच्या बाबतीत तोल जाणारी चाल आणि जड जीभ यांचा अर्थ दारू असा लावला जातो, आणि जेथे वाड्यावाड्यावर दारूचे दुकान आहे तेथे हा समज सहज रुजतो.

वैद्यकाचा इतिहासही याबाबतीत निर्दोष नाही. निदानाला एमआरआयचा आधार मिळण्यापूर्वी अनेक तरुण स्त्रियांची लक्षणे हिस्टेरिया, म्हणजे मनाचा विकार, म्हणून निकालात निघाली. ज्या शार्को यांनी एम.एस.ला स्वतंत्र स्थान दिले, तेच हिस्टेरियाच्या अभ्यासासाठीही प्रसिद्ध होते, हा योगायोग येथे नोंदवण्यासारखा आहे.

आजार सुरू होण्याचे वय आणि लग्नाचे वय एकच असल्यामुळे लपवाछपवीला सुरुवात बहुधा सोयरीक जुळवताना होते. मुलीच्या आजाराची वाच्यता झाली तर तिचेच नव्हे, धाकट्या बहिणीचे स्थळही अडेल, ही भीती घरच्यांना असते. आजार पिढीजात असल्याचा गैरसमज या भीतीच्या मुळाशी आहे. लग्नानंतर गुपित टिकवणे आणखी अवघड होते, कारण झटके कमी करण्यासाठी दिली जाणारी इंटरफेरॉन-बीटासारखी इंजेक्शने थंड ठेवावी लागतात आणि एकत्र कुटुंबातील फ्रिज सर्वांचाच असतो. औषध चुकवणे किंवा माहेरी गेल्यावरच घेणे असे मार्ग मग काढले जातात, त्याची किंमत पुढच्या झटक्याने मोजावी लागते. गोव्याच्या कौटुंबिक कायद्यात, वेगळा करार केलेला नसल्यास, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते. यामुळे आजारी पत्नीला कागदोपत्री संरक्षण मिळते, पण नोटरीपुढील अर्धा वाटा आणि घरातील मान या भिन्न गोष्टी आहेत.

झटका आपोआप ओसरत असल्यामुळे दैवी उपायांना यश आल्यासारखे वाटते. ग्रामदेवतेला कौल लावणे, गाऱ्हाणे घालणे, दृष्ट काढणे, घाड्याकडे (गावच्या मांत्रिकाकडे) जाणे हे उपाय औषधाबरोबर चालले तर रुग्णाला त्यातून धीरही मिळतो. राखणदार (गावाचा रक्षक देव) कोपला, नवस राहिला किंवा करणी झाली असे निदान निघाले, की मात्र आजाराचा दोष रुग्णाच्या किंवा, बहुतेकदा, घरात आलेल्या सुनेच्या माथी येतो.

काठी किंवा चाकांची खुर्ची आली की अविश्वास संपतो आणि त्याची जागा कीव घेते. विचारपूस रुग्णाला न करता सोबतच्या माणसाकडे केली जाते, घरातील निर्णय त्याला वगळून होतात. म्हणून पडण्याचा धोका पत्करूनही काठी नाकारणारे पुष्कळ असतात. प्रत्यक्ष भेदभाव आणि त्याची नुसती धास्ती यांतील फरक ग्रॅहम स्कॅम्बलर आणि अँथनी हॉपकिन्स यांनी १९८६ मध्ये अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) संदर्भात दाखवला. धास्तीच अधिक जाचक ठरते हा त्यांचा निष्कर्ष एम.एस.लाही लागू पडतो. कलंकाची जाणीव आणि नैराश्य यांचा संबंध उत्तर अमेरिकेतील रुग्णांच्या अभ्यासांत आढळला आहे.

भारतात मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करते. जागतिक एम.एस. दिन ३० मे रोजी असतो. तोच गोव्याचा घटक राज्य दिन असल्याने त्या दिवशी येथील वृत्तपत्रांत आजाराला जागा मिळणे कठीण. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा भरला आणि अपंगत्व हा विषय येथे सार्वजनिक चर्चेत आला.

१९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यातील सात प्रकारांत एम.एस.चे नाव नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या २१ प्रकारांत ते आले. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केल्यास त्यात सहा महिने ते पाच वर्षे कैदेची तरतूद आहे. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि चढउताराच्या आजारात तपासणीचा दिवस चांगला निघाला की टक्के कमी भरतात, त्यामुळे घरी ऐकलेलाच संशय दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोरही भेटतो. सेवेत असताना अपंगत्व आल्यास कर्मचाऱ्याला काढता किंवा पदावनत करता येत नाही, पण ही हमी सरकारी आस्थापनांपुरती आहे. हॉटेल, औषध कारखाने आणि जहाजावरील नोकरी यांत, विशेषतः जेथे करार वैद्यकीय तपासणीवर अवलंबून असतो तेथे, आजार सांगण्याचा निर्णय पुष्कळजण चालता येते तोवर लांबणीवर टाकतात.