शाळेतल्या लिनक्सचा पगार कोण देतं?

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी पालकांमध्ये शाळेच्या संगणकांचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला. विंडोजच्या जागी संगणक चालवणारं लिनक्स तर फुकट मिळतं, मग वर्षाकाठी हे देखभालीचे पैसे कसले? प्रश्न रास्त आहे, पण त्याची मुळं चाळीस वर्षं मागे जातात.

अमेरिकन प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983च्या सप्टेंबरात ग्नू प्रकल्प जाहीर केला: कुणीही वापरावी, बदलावी, वाटावी अशी मुक्त संगणकप्रणाली उभारायची. आजच्या लिनक्सचा बराच भाग त्यातूनच आला. पुढे ईमॅक्स या आपल्या मजकूर-संपादक प्रोग्रॅमच्या टेप 150 डॉलरला एक अशा विकून ते आपला खर्च भागवत. प्रोग्रॅमची नक्कल कुणीही करावी, ज्याला घरपोच टेप हवी त्याने पैसे मोजावेत. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचं पैशाशी वाकडं पहिल्यापासूनच नव्हतं. 1989 मध्ये अमेरिकेत सिग्नस ही कंपनी निघाली ती याच धंद्यासाठी. कंपाइलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळेल अशा भाषेत बदलणारं साधन, सगळ्यांना खुला. तो आपल्या चिपवर चालवून हवा असेल, अडलं तर हाकेला ओ देणारा माणूस हवा असेल, तर करार करा. गंमत अशी की एकाच्या पैशातून झालेली दुरुस्ती सगळ्यांच्याच पदरात पडे. 1990च्या दशकात रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीने हाच धंदा मोठा केला आणि 2019 मध्ये आयबीएमने ती कंपनी 34 अब्ज डॉलरना घेतली.

आपल्या मुलांना यातून काय मिळालं, ते बडोद्यासारख्या दुभाषी गावात लगेच दिसतं. पूर्वी मराठी-गुजराती टायपिंगचं पॅकेज विकत घ्यावं लागे. काहींबरोबर संगणकाच्या मागे लावायचं ‘लॉक’ यायचं. ते हरवलं की काम ठप्प. एका पॅकेजमधली प्रश्नपत्रिका दुसऱ्यात उघडली की अक्षरांचा नुसता काला. 2004 मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ फॉन्ट खुले केले. ते मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. रेड हॅटच्या पुण्याच्या कार्यालयातल्या पगारी माणसांनी भारतीय भाषांतल्या अनुवादाचंही बरंच काम केलं. तो पगार निघाला बड्या ग्राहकांच्या सपोर्ट करारांतून. एखाद्या शाळेने वर्गणी काढून हे कधी झालं असतं का?

ग्रंथालयांचं उदाहरण तर बडोदेकरांना आपलंच वाटेल. सयाजीरावांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. वाचकाला पुस्तक मोफत, तज्ज्ञाला पगार. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांनी 1999 मध्ये, वाय-टू-केच्या, म्हणजे 2000 साल लागताच जुने प्रोग्रॅम तारखेत चुकतील या भीतीपोटी, जवळपास तेच केलं. कॅटिपो या छोट्या कंपनीकडून ‘कोहा’ हे ग्रंथालय चालवायचं सॉफ्टवेअर लिहून घेतलं आणि मुक्त परवान्याखाली सगळ्यांना देऊन टाकलं. आज शाळेचं ग्रंथालय ते एका पैशाचं लायसन्स न घेता वापरू शकतं. ऑनलाइन वर्ग चालवायच्या मूडल या मुक्त सॉफ्टवेअरचंही तसंच. त्याच्या अधिकृत भागीदार कंपन्या आपल्या कमाईतला वाटा मूळ संस्थेला देतात.

केरळचा मार्ग निराळा. तिथे 2001 पासूनच्या आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्पात सरकारने शाळेतले संगणक हाताळायला शिक्षकांनाच तयार केलं. पण तिथेही कुणाच्या तरी पगाराची सोय होतीच, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

आपल्याकडे नड येते ती जूनमध्ये. उन्हाळ्याची सुट्टी संपते, संगणकाचं घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा बटणसेल संपलेला असतो, तारीख पार मागे गेलेली असते आणि ब्राउझर एकही साइट सुरक्षित मानत नाही. दुकानातला पोरगा येतो, अनोळखी स्क्रीन बघतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारावं लागेल." काही रुपयांचा सेल बदलून भागलं असतं, पण तिथे चोरून भरलेलं विंडोज येतं.

त्यामुळे लायसन्सचे वाचलेले पैसे सगळेच्या सगळे पंख्या-बाकांकडे वळवू नयेत. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, करताना लिनक्स येणारा माणूस किती तासांत येईल, शाळा उघडण्याआधी एक फेरी होईल का आणि पासवर्ड शाळेकडे राहतील ना, हे कागदावर घ्यावं.