ऑनलाइन खरेदीतील सदोष माल : परतीचा हक्क (गोवा)

संकेतस्थळावरून वा अ‍ॅपवरून मागवलेली वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील वर्णनाहून वेगळी निघाल्यास ती परत देऊन पैसे, बदली वस्तू वा भरपाई मागण्याचा ग्राहकाचा कायदेशीर हक्क. पसंत न पडलेली पण निर्दोष वस्तू परत घेणे ही विक्रेत्याची सवलत असते. तिचा येथे विचार केलेला नाही.

न पाहता घेतलेल्या मालाचा प्रश्न गोव्यात जुना आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत वस्तूतील दोषाच्या कारणावरून विक्री रद्द करता येत नसे. त्या दोषामुळे संमतीच चुकीच्या समजुतीने दिली गेली असेल, तर गोष्ट वेगळी. १८८८ ची व्यापारी संहिता अधिक उदार होती. डोळ्यांसमोर नसलेल्या मालाची खरेदी, तपासल्यावर माल न पटल्यास मोडता येईल, अशी अट तिने गृहीत धरली. मात्र तक्रार आठ दिवसांत करावी लागे. आजच्या हक्काचे मूळ तिथे शोधण्याचा मोह होतो, पण सलग परंपरा दाखवणे कठीण आहे. १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय कायदे टप्प्याटप्प्याने लागू झाले आणि आजचा हक्क मालविक्री अधिनियम, १९३० पासून मोजणेच अधिक सयुक्तिक ठरते. त्याच्या कलम ४१ नुसार, आधी न पाहिलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असे मानले जात नाही. डिलिव्हरीच्या वेळी ओटीपी सांगणे म्हणजे पार्सल पोचल्याची पावती, मालाची स्वीकृती नव्हे.

खरा वाद मुदतीचा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे सदोष माल बिलात नमूद मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत परत न घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. यावरून बिलावरची ‘सात दिवसांनंतर परत नाही’ ही अट वैध ठरते, असा एक अर्थ लावला जातो. परंतु ई-कॉमर्स नियम, २०२० मधील नियम ६ सदोष माल परत घेण्यास नकार द्यायला विक्रेत्याला मनाई करतो आणि त्यात दिवसांची मर्यादा नाही. शिवाय अधिनियमाचे कलम ६९ तक्रारीसाठी कारण घडल्यापासून दोन वर्षे देते. वापरल्यावरच उघड होणाऱ्या दोषाबाबत हे दुसरे वाचन अधिक पटण्याजोगे आहे. विक्रीचा मंच, म्हणजे ते संकेतस्थळ वा अ‍ॅप, केवळ मध्यस्थ की सेवादाता, यावरही मतभेद आहेत. म्हणून तक्रारीत विक्रेता आणि मंच दोघांनाही विरुद्ध पक्ष करणे सुरक्षित.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ कायद्याने सक्तीचा नाही, पण पुराव्यात तोच उपयोगी पडतो. चिकटपट्टी कापण्याआधीचे लेबल, खोक्यावरचा आणि वस्तूवरचा अनुक्रमांक वा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) सलग दिसावा. मूळ फाइल जपावी; व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या प्रतीत दर्जा घसरतो आणि चित्रीकरणाच्या मूळ नोंदी हरवतात. फोनच्या सिम-खाचेतील पाणी-दर्शक पट्टी (पाणी लागल्यास रंग बदलणारी) पहिल्याच दिवशी टिपावी: पावसाळ्यात ‘पाणी शिरले’ या शेऱ्यावर वॉरंटी नाकारली जाते तेव्हा ते छायाचित्र कामी येते. गावातल्या दुरुस्तीवाल्याकडून वस्तू उघडवू नये. दोष उघड्या डोळ्यांना दिसत नसेल तर तक्रार चालवणारा ग्राहक आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो. आधीच उघडलेल्या वस्तूचा दोष मूळचाच होता हे सिद्ध करणे अवघड जाते.

तक्रार अ‍ॅपवर नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, मग मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते. परतीच्या वाहतुकीचा खर्च कोणाचा, हे मंचाने आधी जाहीर करायचे असते; सत्तरी, सांगे, काणकोण अशा तालुक्यांत एखाद्या पिनकोडला ‘पिकअप उपलब्ध नाही’ असा संदेश आला तर त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. खोके स्वतः पाठवल्यास वजन नोंदवलेली पावती ठेवावी, कारण ‘रिकामे खोके आले’ हा नेहमीचा बचाव आहे. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन समेट घडवू पाहते, आदेश देत नाही.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: उत्तर गोव्याचा पर्वरीला, दक्षिणेचा मडगावला. विक्रेता बंगळुरूचा वा दिल्लीचा असला तरी ग्राहक राहतो तिथेच तक्रार चालते (कलम ३४), आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर शुल्क नाही. प्रतिज्ञापत्र, बिल, पत्रव्यवहार आणि व्हिडिओसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस अधिक फार तर १५ मिळतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यापुढे वाढ नाकारली. निकालाची कायद्यातील मुदत तीन महिने, चाचणी असल्यास पाच. प्रत्यक्षात ती अनेकदा ओलांडली जाते.

होमस्टे किंवा शॅकसाठी (किनाऱ्यावरचे उपाहारगृह) घेतलेल्या वस्तूंबाबत ‘व्यापारी हेतू’चा आक्षेप येतो, विशेषतः बिल जीएसटी क्रमांकावर असल्यास. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू असेल, तर खरेदीदार ग्राहकच राहतो.

आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत पणजीच्या राज्य आयोगाकडे अपील करता येते. ज्याला रक्कम देण्याचा आदेश झाला त्याला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. आदेश न पाळल्यास ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ७२ प्रमाणे एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही.