गॅरेजच्या कोब्याचे संरक्षक लेपन (कोलोरॅडो)

घराला लागून असलेल्या गॅरेजच्या काँक्रीट कोब्याला पाणी, मीठ, तेल आणि झीज यांपासून वाचवण्यासाठी त्यावर दिला जाणारा रेझिनचा (वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रव्याचा) थर, किंवा काँक्रीटमध्ये मुरवले जाणारे जलरोधक रसायन. उष्ण प्रदेशात हे काम बहुतेक वेळा दिसण्यासाठी होते. अमेरिकेच्या रॉकी पर्वतरांगांत, विशेषतः कोलोरॅडो राज्यात, ते कोबा टिकावा म्हणून करावे लागते.

डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०९ मीटर उंचीवर आहे, तर लेडव्हिल ३००० मीटरच्याही वर. येथे हिवाळ्यात दिवसा लख्ख ऊन पडते आणि रात्री पारा शून्याखाली जातो, त्यामुळे पाणी गोठण्या-वितळण्याचे चक्र थंडीभर चालूच राहते. सततच्या गोठणीपेक्षा ही ये-जा काँक्रीटला जास्त बाधते. गॅरेज छपराखाली असल्यामुळे सुरक्षित आहे, हा समजही चुकीचा आहे. आय-७० महामार्गावरून, आयझेनहॉवर बोगद्यातून आलेली गाडी चाकांच्या कमानींत आणि तळाला चिकटलेला बर्फाचा गाळ घरी घेऊन येते; रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ त्यात मिसळलेले असते. घराच्या उबेने तो रात्रीतून वितळतो आणि त्याचे खारे पाणी कोब्यावर साचते. अंगणातल्या काँक्रीटवरचे मीठ पुढच्या पावसात धुऊन जाते. गॅरेजमध्ये पाऊस पोहोचत नसल्याने ते हंगामभर तसेच राहते.

खारे पाणी काय करते

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. काँक्रीटची सूक्ष्म छिद्रे पाण्याने भरलेली असली, की या प्रसरणाला जागा उरत नाही आणि वरचा पापुद्रा खपल्यांच्या रूपाने सुटतो. पाण्यात मीठ असले की नुकसान वाढते. मीठ जितके जास्त तितके नुकसान मोठे, असे मात्र नाही. प्रयोगांत सर्वाधिक खपल्या सुटतात त्या सुमारे ३ टक्के मीठ असलेल्या फिक्या द्रावणाने, आणि गाडीखाली वितळणाऱ्या बर्फाचे पाणी याच टप्प्यातून जाते.

कोलोरॅडोत १९९० च्या दशकापासून रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण मोठ्या प्रमाणावर फवारले जाते. खाण्याच्या मिठाचे द्रावण फार तर उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत द्रव राहते. मॅग्नेशियम क्लोराइडचे उणे ३३ अंशांच्या आसपासपर्यंत. रस्त्यासाठी हा गुण सोयीचा असला, तरी कोब्यासाठी अडचणीचा आहे. हा क्षार हवेतली ओल ओढून घेतो, म्हणून त्याचा डाग लवकर सुकत नाही. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड सिमेंटमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी अभिक्रियाही करतात. त्यातून कॅल्शियम ऑक्सिक्लोराइड नावाचे फुगणारे संयुग तयार होते. ही अभिक्रिया गोठणबिंदूच्या वरही घडते. त्यामुळे गॅरेज तापवून ठेवल्याने गोठणे थांबले, तरी हा मार्ग बंद होत नाही.

कोबा मुळातच कसा ओतला आहे, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या काही रस्त्यांचे काँक्रीट इतरांपेक्षा बरेच जास्त टिकल्याचे दिसून आले. शोध घेतल्यावर कळले, की त्यातल्या सिमेंटच्या दळणात चरबी वापरली होती आणि तिच्यामुळे काँक्रीटमध्ये हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे अडकले होते. गोठणाऱ्या पाण्याला सरकायला या बुडबुड्यांमुळे जागा मिळते. आता थंड प्रदेशांत असे हवायुक्त काँक्रीट हा नियमच आहे. गॅरेजपुरता मात्र त्यात एक पेच आहे. मालकाला कोबा गुळगुळीत हवा असतो, आणि हवायुक्त काँक्रीटवर पोलादी थापीने जोरात घोटाई केली की वरच्या पापुद्र्याखाली हवा कोंडून तो सुटण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेने यावर तोड काढली आहे: कडक हवामानात गॅरेजच्या कोब्यासाठी ५ ते ७ टक्के हवा, पण पोलादी थापीने घोटायचा असेल तर काँक्रीटची ताकद ४००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), म्हणजे सुमारे २८ मेगापास्कल, ठेवून हवा ३ टक्क्यांपर्यंत उतरवता येते. ज्या जुन्या घरांत याहून कमी प्रतीचे काँक्रीट आहे, तिथेच लेपनाची खरी गरज असते.

लेपनाची द्रव्ये

बाजारात डब्यातून मिळणारा पाण्यात मिसळलेला गॅरेज-रंग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अल्पायुषी. त्याचा वाळलेला थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही जाड नसतो. टायरला लावलेल्या साखळ्या किंवा खिळे असलेले हिवाळी टायर तो एकाच हंगामात ओरबाडून काढतात.

एपॉक्सी हे रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर असे दोन भाग मिसळून लावले जाते. त्याची पकड आणि दाबाखालची ताकद उत्तम असते. महाराष्ट्रात औषध कारखान्यांच्या आणि रुग्णालयांच्या फरश्यांमुळे ते परिचित आहे. डोंगरात त्याच्या दोन उणिवा उघड होतात. नेहमीचे एपॉक्सी १० अंशांखाली फारच सावकाश घट्ट होते, आणि उन्हाने पिवळे पडते. दर १००० मीटर उंचीमागे अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. डेन्व्हरमधल्या गॅरेजात दाराजवळचा, ऊन येणारा पट्टाच तेवढा पिवळसर झालेला दिसतो तो यामुळे.

पॉलिअ‍ॅस्पार्टिक हा पॉलियुरिया या झटपट घट्ट होणाऱ्या रेझिनचा प्रकार १९९० च्या दशकात पुढे आला. तो उन्हात रंग बदलत नाही, शून्याच्या आसपासच्या तापमानातही घट्ट होतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी लावता येते. मात्र मिसळल्यावर हाताशी जेमतेम अर्धा तास असतो, कधी त्याहूनही कमी. त्यामुळे नवख्या माणसाच्या हातून रोलरचे पट्टे राहून जातात. त्यातल्या आयसोसायनेट घटकाने श्वसनमार्गाला कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते, म्हणून योग्य श्वसनयंत्र लावल्याशिवाय हे काम करू नये. खाली एपॉक्सी, मध्ये रंगीत व्हायनिल चकत्यांची (प्लॅस्टिकच्या बारीक पातळ तुकड्यांची) पखरण आणि वर पॉलिअ‍ॅस्पार्टिक अशी जोडी सध्या सर्रास वापरली जाते. वरच्या थरात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी मिसळणे आवश्यकच मानावे, कारण बुटाला चिकटलेल्या बर्फासह नुसत्या चकचकीत थरावर पाऊल ठेवणे धोक्याचे असते.

सिलेन व सिलोक्सेन ही मुरणारी रसायने पृष्ठभागावर थर करत नाहीत. ती काही मिलिमीटर आत जाऊन छिद्रांच्या भिंती जलरोधक करतात. पाणी आत शिरत नाही, पण वाफ बाहेर पडू शकते. तेलाचे डाग त्यांनी थांबत नाहीत आणि कोबा दिसतो तसाच दिसतो. तरीही, केवळ मिठापासून बचाव हाच हेतू असेल तर बऱ्याच घरांना एवढा उपाय पुरतो, आणि तो चकत्यांच्या लेपनापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. विक्रेते हे क्वचितच सांगतात.

पूर्वतयारी

लेपन उखडले की दोष रेझिनला दिला जातो. खरे कारण बहुधा कोब्याच्या तयारीत असते. गुळगुळीत काँक्रीटवर रेझिनला पकड मिळत नाही, म्हणून हिऱ्याच्या कणांच्या चकत्या लावलेल्या यंत्राने तो घासून बारीक सॅंडपेपरसारखा खरखरीत करावा लागतो. अ‍ॅसिड टाकून पृष्ठभाग खाववण्याची पद्धत घरगुती संचांत अजून सांगितली जाते; पण त्याने खरखरीतपणा असमान येतो आणि नीट धुतले नाही तर क्षार मागे राहतात.

जुन्या कोब्यात आधीच मुरलेले मीठ ही या प्रदेशातली खास अडचण. वरून थर बसल्यावर हे मीठ खालची ओल ओढून घेते आणि थराखाली पाण्याचे फोड येतात. फोड फोडला तर आतून निसरडा द्रव निघतो. म्हणून घासण्यापूर्वी भरपूर पाण्याने, शक्य तर अनेकदा, धुणे गरजेचे असते.

खालून येणारी ओल तपासण्याची सोपी रीत म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान १६ तास ठेवायचा. खाली दव दिसले किंवा काँक्रीट काळवंडले तर ओल आहे. दव न दिसल्याने मात्र कोबा कोरडा ठरत नाही. भरवशाची चाचणी म्हणजे कोब्याच्या जाडीच्या ४० टक्के खोलीवर छिद्र पाडून आतली सापेक्ष आर्द्रता मोजणे. जानेवारीत, जमीन गोठलेली असताना कोरडा वाटलेला कोबा वसंतात, बर्फ वितळून जमिनीत मुरल्यावर ओला निघू शकतो. नवा कोबा किमान २८ दिवसांचा झाल्याशिवाय त्यावर काहीही लावू नये.

थंडीतले काम

हवेचे तापमान पाहून काम सुरू करणे ही नेहमीची चूक. जमिनीला टेकलेला कोबा हवेपेक्षा कितीतरी गार असतो. मोजायचे ते त्याचे तापमान, आणि ते दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर असायला हवे. उब देण्यासाठी धुराडे नसलेला प्रोपेनचा हीटर लावला, तर जळणातून निघणारी वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ओल्या एपॉक्सीवर मेणचट पांढुरकी साय आणतात. तिच्यावर दिलेला पुढचा थर धरत नाही. विजेचा हीटर वापरावा, आणि काम सुरू होण्याआधी एखादा दिवस तरी कोबा तापू द्यावा.

लेपनाने न सुटणारे प्रश्न

डेन्व्हरच्या पश्चिमेला, जेफरसन काउंटीसारख्या भागांत, ओल लागल्यावर फुगणारी चिकणमाती आणि शेल या मातीपासून बनलेल्या खडकाचे थर आहेत. तिथले कोबे ऋतूनुसार वर-खाली होतात. अशा हलत्या भेगेत कडक एपॉक्सी भरले तर शेजारीच नवी भेग पडते. तिथे लवचिक पॉलियुरिया भरतात, आणि कोब्यात मुद्दाम ठेवलेले सांधे लेपनाखाली बुजवून टाकत नाहीत.

जमिनीतून येणाऱ्या रेडॉन वायूचे प्रमाणही कोलोरॅडोत जास्त आहे. नुसता कोबा बंद केल्याने रेडॉनचा भरवशाचा बंदोबस्त होत नाही. त्यासाठी कोब्याखालची हवा पंख्याने ओढून छपराबाहेर सोडणारी वेगळी नळी बसवावी लागते.

लेपन झाल्यावरही साचलेले खारे पाणी रबरी खराट्याने दाराबाहेर लोटणे चालू ठेवावे लागते. डेन्व्हरमध्ये मार्चमध्ये बहुधा सर्वाधिक हिमवर्षाव होतो. त्यामुळे मोठी धुलाई एप्रिलनंतर करतात, आणि तेव्हाच दाराच्या उंबऱ्यालगतची कड सुटली आहे का ते पाहतात. पाणी थराखाली शिरायला सुरुवात बहुतेक तिथूनच होते.